डब्यावरची चिठ्ठी

मराठी विषय घेऊन एम. ए. झालेल्या मुख्याध्यापकाने संगणकाच्या भाषेविषयी लिहावे, हे पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. उंचावोत बापड्या. आमच्या हातून घडलेली एक चूक या पानावर कबूल केल्यावाचून आम्हांस चैन पडणार नाही. शिवाय ती चूक गणिताची नव्हती. ती नामकरणाची होती, म्हणजे अगदी आमच्याच प्रांतातली.

हकीकत अशी. बेळगावास अभियांत्रिकी शिकणारा आमचा एक माजी विद्यार्थी दिवाळीच्या सुट्टीत गावी आला होता. त्याने शाळेच्या संगणकावर 'ऑक्टेव्ह' नावाची, खास आकडेमोडीसाठी रचलेली भाषा बसवून दिली. ती विनामूल्य मिळते. तिच्या नावाचा संगीतातील सप्तकाशी संबंध असावा, असे आम्हांस वाटले होते, पण नाही. ती रचणाऱ्या जॉन ईटन यांनी आपले रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक ऑक्टेव्ह लेव्हेनस्पील यांचे नाव तिला दिले आहे. शिष्याने भाषेला गुरूचे नाव द्यावे, ही गोष्ट आम्हां मास्तर मंडळींना सुखावणारीच आहे.

"सर, यात सगळं काम चलांवर चालतं," विद्यार्थी म्हणाला. मराठी गणिताच्या पुस्तकात ज्याला 'चल' म्हणतात, त्याला कन्नड पुस्तकात 'चराक्षर' म्हणतात. एकात चल् धातू, दुसऱ्यात चर्. अर्थ दोहोंचा हिंडण्या-फिरण्याचाच. सीमेवर राहणाऱ्यास असे शेजारी शब्द पावलोपावली भेटतात.

त्याने समजावून दिले ते असे. चल म्हणजे फडताळातला डबा आणि चलाचे नाव म्हणजे त्या डब्यावर चिकटवलेली चिठ्ठी. डब्यात संख्या ठेवावी आणि लागेल तेव्हा चिठ्ठी वाचून काढावी. बरोबरीचे चिन्ह येथे बरोबरी दाखवीत नाही. उजवीकडे जे येईल ते डावीकडच्या डब्यात भर, अशी ती आज्ञा असते. 'क बरोबर क अधिक एक' असे कोणी फळ्यावर लिहिले तर आम्ही त्याचा कान धरू. या भाषेत मात्र ते सरळ वाक्य आहे: डब्यात आहे त्यात एक मिळव आणि पुन्हा त्याच डब्यात ठेव. नवे भरताच जुने जाते, आणि ते गेल्याची वर्दी यंत्र देत नाही.

हे शेवटचे वाक्य आम्ही ऐकले, मान डोलावली आणि विसरलो.

पुढे दहावीची पूर्वपरीक्षा आली. कर्नाटकाच्या दहावीचे एकूण गुण ६२५. त्यांपैकी प्रथम भाषेस १२५ आणि उरलेल्या पाच विषयांस प्रत्येकी १००. आम्ही मोठ्या उत्साहाने आज्ञावली लिहावयास बसलो. आरंभी 'पूर्ण' नावाच्या डब्यात १०० ठेवले. प्रथम भाषा मराठी, तिचे पूर्ण गुण निराळे, म्हणून त्याच डब्यात १२५ घालून मराठीचे शेकडा प्रमाण काढले. इतर विषयांकडे वळताना १०० परत घालावयाचे राहून गेले. झाले! मराठीपुढचा प्रत्येक विषय १२५ पैकी मोजला गेला. यंत्राने हूं की चूं केले नाही. त्याला सांगितले तेच त्याने केले होते.

गणितात शेकडा ७५ किंवा अधिक मिळवणाऱ्यांसाठी सायंकाळचे जादा तास ठेवावयाचे होते. यादीत दोनच नावे निघाली. आम्ही शिक्षकांच्या बैठकीत मुलांच्या घसरत्या अभ्यासाविषयी खेद प्रकट केला, भ्रमणध्वनीच्या दुष्परिणामांवर चार शब्द बोललो आणि यादी फलकावर लावली.

तिसऱ्या दिवशी एका मुलीचे वडील आले. तंबाखूच्या वखारीत काम करणारे गृहस्थ. निपाणीकडच्या वाचकांना त्यांचे अधिक वर्णन नको. हातात मुलीची उत्तरपत्रिका होती. दारातच उभे राहून ते म्हणाले, "सर, शंभरातले पंच्याऐंशी म्हंजे पंच्याऐंशीच टक्के की वो? मग हितं अडुसष्ट कसं लिवलंय?"

आम्ही उत्तर देण्यासाठी तोंड उघडले आणि मिटले. ८५ गुण १२५ पैकी मोजले की शेकडा ६८ येतात. त्यांना बसावयास सांगितले, चहा मागवला, आणि त्यांच्यासमोरच आज्ञावली वाचावयास घेतली. नव्याने केलेल्या यादीत अकरा नावे निघाली. त्यांत ही मुलगी होतीच. मधल्या दोन दिवसांत तिने घरी "मला गणित जमत नाही, मी पुढे ते घेणार नाही" असे सांगून टाकले होते, हे वडिलांकडूनच कळले. गेल्याच आठवड्यात बैठकीत आम्ही मुलांविषयी जे बोललो होतो ते आम्हांस आठवले.

'पूर्ण' हे नावच आळशी होते. पूर्ण म्हणजे कशाचे पूर्ण? 'मराठी' आणि 'पूर्णगुण' यांचे जोडनाव एका डब्यास, 'इतर' आणि 'पूर्णगुण' यांचे दुसऱ्यास दिले असते, तर एकाचे दुसऱ्यावर सांडण्याचा प्रसंगच आला नसता. ऑक्टेव्हचे नियम फार नाहीत: नाव रोमन अक्षरांत असावे, अंक चालतात पण आरंभी नकोत, मध्ये मोकळी जागा नको, शब्द जोडण्यास खालची आडवी रेघ वापरावी. एवढे पाळले की यंत्राला बहुतेक कोणतेही नाव चालते. 'पूर्ण'ही चालले होते.

दुसरी फजिती लहान होती. बेरीज करण्याची तयार आज्ञा 'सम' या नावाने असते. एकूण गुणांच्या आमच्या डब्यासही आम्ही नेमके तेच नाव दिले. त्यानंतर बेरीज करावयास सांगितली, तर यंत्र आमच्या डब्यातला बहात्तरावा खण शोधू लागले, कारण पहिल्या मुलाचे गुण बहात्तर होते! आजोबांचे नाव नातवास ठेवले की हाकेला कोण ओ देईल याचा नेम नसतो, तसाच हा प्रकार. नातवाचे नाव बदलले, तेव्हा आजोबा पुन्हा ओ देऊ लागले.

आत काय आहे हे ठाऊक नसलेल्या डब्यास नाव कसे द्यावे, हा विचार आपल्याकडे जुना आहे. भास्कराचार्यांचा 'सिद्धान्तशिरोमणी' ११५० चा. त्यातील बीजगणितात पहिल्या अज्ञात राशीचे नाव 'यावत्तावत्', म्हणजे जितके असेल तितके. पुढच्या अज्ञातांना रंगांची नावे: कालक, नीलक, पीतक, लोहितक. मांडणीत आद्याक्षरेच घ्यावयाची: या, का, नी, पी, लो. ही पाचही अक्षरे एकमेकांपासून किती दूर आहेत पाहा. घाईत लिहिले तरी गफलत होणे नाही. ज्ञात संख्येस 'रूप', तिचे 'रू'. युरोपात देकार्तने शेवटची रोमन अक्षरे अज्ञातांसाठी योजली ती १६३७ मध्ये. (भास्कराचार्यांचे विज्जडविड म्हणजे विजापूर, असे कोणी म्हणतात, कोणी ते खानदेशातील पाटणजवळ शोधतात. तेव्हा त्यांचे गावही सीमाप्रश्नातून सुटलेले नाही.)

एका पानात सुटणाऱ्या उदाहरणास 'या' पुरते, 'एक्स'ही पुरतो. तीन महिन्यांनी पुन्हा उघडावयाच्या, किंवा आमच्यामागून येणाऱ्या मुख्याध्यापकाच्या हाती पडावयाच्या आज्ञावलीस ते पुरत नाही, असे आमचे मत झाले आहे. १९५७ च्या फोर्ट्रान भाषेत नावास सहाच अक्षरांची मुभा होती. तेव्हा काटकसर समजण्यासारखी होती. आता जागेची टंचाई नाही, सवय तेवढी उरली आहे.

नाव चांगले ठेवले तरी ते प्रत्येक वेळी तसेच लिहावे लागते. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत. रोमनमध्ये आहेत, आणि यंत्र त्यांत भेद करते. थोरल्या 'एम'ची मराठी एक, धाकट्या 'एम'ची दुसरी. मराठीच्या मास्तराने याची तक्रार करू नये. आम्ही नाही का दिन आणि दीन, सुत आणि सूत यांत भेद करीत? पण आमच्या गावांचे काय? निपाणी रोमनमध्ये एका 'पी'ची लिहितात आणि दोन 'पीं'चीही. बेळगावचे सरकारी रोमन नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बदलले. जुने कागद जुन्या नावाने, नवे नव्या नावाने. आपण घरी तेव्हाही बेळगाव म्हणत होतो, आजही म्हणतो. माणसाला हे एकच गाव आहे हे कळते. यंत्र मात्र मुलांची मोजदाद दोन गावांत वाटून देते. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर, आणि गावातली मुले किती ते कोणत्याच आकड्यावरून कळत नाही.

यावर आमच्या विद्यार्थ्याने अलीकडे एक तोड सुचवली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ज्युलिया' या आकडेमोडीच्या भाषेत चलांची नावे देवनागरीतही देता येतात. आम्हांस केवढा आनंद झाला! रोमनचा पाश सुटला, आता आपण आपल्या अंगणात आलो, असे म्हणून आम्ही त्याच सायंकाळी सर्व विषयांची नावे शुद्ध मराठीत देऊन आज्ञावली पुन्हा लिहिली आणि चालू केली. ती तिसऱ्याच ओळीवर थांबली. असे नाव ठाऊक नाही, म्हणून यंत्राने कळवले, आणि ते नावही दाखवले: 'गणीत'.

खोलीत दुसरे कोणी नव्हते. आम्ही मुकाट्याने दुसरी वेलांटी पहिली केली.