ट्रॅक्टरच्या इंजिनाचें तेल : भाव पाहून कीं खूण पाहून?

प्रारंभींच सांगणें अवश्य आहे कीं, प्रस्तुत लेखक कोणी यंत्रविशारद नव्हे. महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत माझें आयुष्य गेलें, आणि निवृत्तीनंतर वडिलोपार्जित जमीन पाहूं लागल्यावर ट्रॅक्टरशीं संबंध आला. परंतु दप्तरांत वावरलेल्या माणसास एक खोड असते. कागद वाचल्याशिवाय तो पुढें सरकवीत नाहीं. ती खोड तेलाच्या डब्यापुढें मात्र मीं सोडली, आणि त्याचें फळ भोगलें.

गतवर्षीं ऐन रब्बीच्या पेरणींत आमच्या ट्रॅक्टरचें इंजिन बसलें. दोष सर्वस्वीं माझा. स्वस्त मिळालें म्हणून सुटें तेल मींच आणलें होतें, आणि तें बदलण्याची मुदतहि अंदाजानें लांबविली होती. बेअरिंगें झिजून गेलीं. दुरुस्तीचा खर्च झाला तो झालाच. परंतु जमिनीचा वाफसा निघून गेला, तो कोणत्या बिलांत मांडावा? सातबाऱ्याच्या इतर हक्कांत चढलेला कर्जाचा बोजा, यंत्र चालो वा बंद पडो, पैसे फिटेपर्यंत उतरत नाहीं, हें दुसऱ्यांस सांगण्यांत माझा जन्म गेला. तें मला स्वतःस त्या दिवशीं उमगलें.

तेलाच्या डब्यावर दोन खुणा असतात. पहिली एस.ए.ई. ची, म्हणजे १९०५ सालीं अमेरिकेंत स्थापन झालेल्या मोटार-अभियंत्यांच्या संस्थेची. '१५डब्ल्यू-४०' यांतील पहिला अंक थंडींत तेल कितपत वाहतें हें दाखवितो, आणि दुसरा १०० अंश सेल्सिअस उष्णतेवर त्याचा दाटपणा किती राहतो हें दाखवितो. पहाटेच्या गारठ्यांत तेल बेअरिंगांपर्यंत त्वरित पोंचावें, आणि दुपारीं नांगर ओढतांना तें पाण्यासारखें पातळ होऊं नये, या दोन्ही गरजा अशा तेलानें भागतात. 'जितकें दाट तितकें उत्तम' ही समजूत चुकीची आहे. फार दाट तेल यंत्र सुरू होतांना उशिरां वर चढतें, आणि झीज तर नेमकी त्याच वेळीं अधिक होते.

दुसरी खूण ए.पी.आय. ची. तींत 'सी' हें अक्षर डिझेल इंजिनाचें व 'एस' हें पेट्रोल इंजिनाचें. 'सीएच-४' हा दर्जा १९९८ चा, 'सीआय-४' २००२ चा आणि 'सीके-४' २०१६ चा. ५० अश्वशक्तीहून मोठ्या नव्या ट्रॅक्टरांस १ जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाले आहेत. ज्यांत काजळी गाळणारी जाळी बसविली आहे, त्यांत कमी राखेचेंच तेल घालावें लागतें, अन्यथा जाळी तुंबते.

आणखी एक चूक घरोघरीं होते. ट्रॅक्टरच्या डब्यांत उरलेलें तेल मुलगा मोटरसायकलींत ओततो. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिनाच्या तेलांतच बुडालेला असतो. त्यास 'जासो एमए' अशी खूण असलेलें तेल हवें. माळरानीं व डोंगरीं चालणाऱ्या ज्या लहान चारचाकी गाड्यांचा क्लच तेलांत फिरतो, त्यांसहि हाच नियम. भलतें तेल घातल्यास क्लच घसरूं लागण्याचें भय असतें.

कोणी म्हणतील, "आमच्या वडिलांनीं एकच तेल सर्वत्र वापरलें, त्यांचें काय बिघडलें?" त्यास उत्तर इतकेंच कीं, वडिलांचें इंजिन निराळें होतें. तसेंच महाग तेल घ्यावें असेंहि माझें म्हणणें नाहीं. यंत्राच्या पुस्तिकेंत जो दर्जा लिहिला आहे तो, सीलबंद डब्यांत, पावतीसह घ्यावा. तेल काळें झालें म्हणजे बाद झालें असें नव्हे. काजळी धरून ठेवणें हें त्याचें कामच आहे. परंतु तें दुधाळ दिसल्यास पाणी शिरलें असें समजावें, आणि पातळी वाढून डिझेलचा वास आल्यास इंजिन तत्काळ थांबवून कारागीर बोलवावा.

यास्तव माझ्या दोन सूचना आहेत. प्रत्येकानें एक वही घालावी व तींत तेल बदलल्याची तारीख आणि तासमापकावरील आंकडा लिहावा. पिकाची नोंद न झाल्यास आपण तलाठ्यास बोल लावतों. मग आपल्या यंत्राची नोंद आपणच कां ठेवूं नये? दुसरी सूचना संस्थेस. सभासदांच्या पुस्तिका पाहून लागेल तें तेल एकत्र खरेदी करावें, आणि त्या पुस्तिकांतील तेलाविषयींचें पान मराठींत छापून वांटावें. वापरलेलें तेल २०१६ च्या नियमांप्रमाणें घातक कचरा ठरतें. तें बांधावर वा ओढ्यांत न ओततां संस्थेनें गोळा करून परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे पाठवावें.

बैलास काय चारावें हें आपण कधीं केवळ दुकानदारास विचारून ठरविलें नाहीं. ट्रॅक्टरच्या बाबतींतहि तोच विवेक बाळगावा, इतकेंच माझें मागणें आहे.