विश्लेषण : १८ वर्षे पूर्ण झाली, की माणूस ‘मोठा’ झाला? सज्ञान होण्याचे वय प्रत्येक कायद्यात वेगळे का?

मतदान १८ व्या वर्षी, मुलाचे लग्न २१ व्या वर्षी, आमदारकी किंवा खासदारकीची निवडणूक २५ व्या वर्षी. महाराष्ट्रात मद्य परवान्यासाठीही २५ वर्षे. दुसरीकडे, बँकेचे बचत खाते मात्र दहाव्या वर्षापासून स्वतः चालवता येते. एकाच व्यक्तीला कायदा एकाच वेळी लहानही मानतो आणि मोठाही. हा निव्वळ गोंधळ आहे, की त्यामागे काही तर्क आहे? आणि हक्क मिळण्याच्या तारखा ठरलेल्या असताना जबाबदारी पेलण्याची तयारी कोणी करून घ्यायची?

सज्ञान होण्याचे वय १८ कधी ठरले?

भारतीय सज्ञानता कायदा १८७५ सालचा आहे. त्यानुसार १८ वर्षे पूर्ण होताच व्यक्ती सज्ञान होते. ज्या मुलांसाठी न्यायालयाने पालक नेमला असेल, त्यांच्यासाठी ही मर्यादा २१ होती. १९९९ च्या दुरुस्तीने हा फरक संपला आणि सर्वांसाठी १८ हेच वय ठरले. विशेष म्हणजे, खुद्द इंग्लंडमध्ये सज्ञान होण्याचे वय १९७० पर्यंत २१ होते.

मतदानाचे वय मात्र राज्यघटनेत २१ होते. ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ मध्ये ते १८ वर आले. म्हणजे त्याआधी १९ वर्षांच्या तरुणाला स्वतःची जमीन विकता येत होती, पण मत देता येत नव्हते. ‘मोठे होणे’ कायद्यानेही कधी एका झटक्यात मान्य केलेले नाही. ते हप्त्याहप्त्याने मिळत आले आहे.

हे हप्ते कोणते?

भारतीय न्याय संहितेनुसार सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा ठरत नाही. सात ते १२ या वयात मुलाला कृत्याचे परिणाम समजत होते का, हे पाहिले जाते. १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवता येत नाही. कुटुंबाचा व्यवसाय आणि बालकलाकार यांना अटींवर सूट आहे. १४ ते १८ वयोगटाला धोकादायक कामांवर बंदी आहे. १६ व्या वर्षी ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर दुचाकीचा परवाना मिळतो, १८ व्या वर्षी इतर खासगी वाहनांचा आणि २० व्या वर्षी व्यावसायिक वाहनांचा. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंतची निवडणूक २१ व्या वर्षी लढवता येते, राज्यसभेसाठी ३० वर्षे लागतात.

लग्नाच्या बाबतीत मुलीसाठी १८ आणि मुलासाठी २१ ही वये आहेत. मुलींचे वयही २१ करण्याचे विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत मांडले गेले, स्थायी समितीकडे गेले आणि २०२४ मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित होताच बारगळले. मद्याच्या वयाचा निर्णय राज्यांकडे आहे. त्यामुळे महाराष्ट्रात सौम्य बीअरसाठी २१ आणि अन्य मद्यासाठी २५ वर्षांची अट आहे, तर शेजारच्या गोव्यात १८ पुरतात.

मेंदूचे विज्ञान काय सांगते?

नियोजन, आवेगावर ताबा आणि परिणामांचा विचार ही कामे मेंदूच्या पुढच्या भागाकडे असतात. हा भाग विशीच्या मध्यापर्यंत विकसित होत राहतो. बक्षीस आणि थरार यांना प्रतिसाद देणारी यंत्रणा मात्र वयात येतानाच जोरात काम करू लागते. गाडीचा ॲक्सिलरेटर आधी बसला आणि ब्रेक नंतर, असा काहीसा हा प्रकार आहे. अर्थात, २५ व्या वाढदिवसाला मेंदू ‘पूर्ण’ होतो, असे मात्र नाही. व्यक्तीगणिक फरक पडतो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग यांची मांडणी येथे उपयोगी पडते. थंड डोक्याने, वेळ घेऊन विचार करण्याची क्षमता साधारण सोळाव्या वर्षापर्यंत प्रौढांच्या जवळ पोहोचते. भावनेच्या भरात, घाईत किंवा मित्रांसमोर स्वतःला आवरण्याची क्षमता मात्र उशिरा येते. मार्गो गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागींना गाडी चालवण्याचा संगणकीय खेळ दिला होता. समवयस्क सोबत असताना किशोरवयीनांनी एकट्याने खेळताना घेतला त्यापेक्षा बराच जास्त धोका पत्करला. २४ वर्षांवरील सहभागींमध्ये असा फरक जवळपास दिसला नाही.

या निकषावर पाहिले, तर कायद्यातील वेगवेगळी वये तितकी विसंगत वाटत नाहीत. मतदान हा थंड डोक्याने घेण्याचा निर्णय आहे. रात्री मित्रांना गाडीत घेऊन भरधाव जाण्याचे तसे नाही. प्रश्न आकड्यांचा कमी आणि दोन आकड्यांच्या मधल्या काळाचा जास्त आहे.

पुण्यातील अपघाताने काय दाखवले?

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगरमध्ये १७ वर्षांचा मुलगा चालवत असल्याचा आरोप असलेल्या आलिशान मोटारीच्या धडकेत दोन तरुण संगणक अभियंत्यांचा मृत्यू झाला. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन देताना घातलेल्या अटींमध्ये ३०० शब्दांच्या निबंधाची अट होती आणि त्यावर देशभर संताप उसळला. नंतर मुलाची रवानगी निरीक्षणगृहात झाली. जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या सुटकेचे आदेश दिले. त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवण्याची पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली.

चर्चा मुलाच्या शिक्षेभोवती फिरली. परंतु परवान्याचे वय झालेले नसताना गाडी आणि पिण्याचे वय झालेले नसताना मद्य या दोन्ही गोष्टी मुलापर्यंत मोठ्यांमार्फतच पोहोचतात. या प्रकरणात वडिलांवर आणि मद्य पुरवल्याच्या आरोपावरून संबंधितांवरही गुन्हे दाखल झाले. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेले कलम १९९ अ नेमके यासाठी आहे. अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द आणि त्या मुलाला २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना नाही. ‘मला माहीतच नव्हते’ हे सिद्ध करण्याची जबाबदारीही पालकावरच आहे.

१६ ते १८ या वयात कायदा कुठे उभा राहतो?

दिल्लीतील २०१२ च्या सामूहिक बलात्कार प्रकरणानंतर आलेला बाल न्याय कायदा जानेवारी २०१६ पासून लागू झाला. किमान सात वर्षांची शिक्षा असलेल्या गुन्ह्यात १६ ते १८ वयाचा मुलगा असेल, तर मंडळ त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची समज आणि परिस्थिती तपासते. त्यानंतर खटला प्रौढ म्हणून चालवायचा का, हे ठरते. तसा चालला तरी फाशी किंवा सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप देता येत नाही.

संमतीच्या बाबतीत अशी तपासणी नाही. ‘पॉक्सो’ कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीची संमती ग्राह्यच नसते. त्यामुळे सतरा वर्षांच्या मुलीचे प्रेमसंबंध आणि लहान मुलीवरील अत्याचार एकाच कायद्याच्या कक्षेत येतात. विधी आयोगाने २०२३ मध्ये संमतीचे वय कमी करू नये, मात्र १६ ते १८ वयातील परस्परसंमतीच्या प्रकरणांत शिक्षेबाबत न्यायालयाला मर्यादित विवेकाधिकार द्यावा, असे सुचवले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालमधील एका प्रकरणात दोषी ठरलेल्या तरुणाला विशेषाधिकार वापरून शिक्षा न देण्याचा निर्णय घेतला. संमतीचे वय १६ करावे, ही मांडणी ज्येष्ठ विधिज्ञ इंदिरा जयसिंग यांनी न्यायालयापुढे केली आहे. केंद्राचा त्याला विरोध आहे.

१८ व्या वाढदिवसाला नेमके काय बदलते?

सर्वांत मोठा बदल सहीत होतो. अज्ञान व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहरीबीबी खटल्यात स्पष्ट केले. अठरा पूर्ण झाले, की हे कवच जाते. कर्जाच्या ॲपवर दिलेली मान्यता, मित्रासाठी जामीनदार म्हणून केलेली सही, हप्त्यावर घेतलेला मोबाइल, सगळे वसूल होऊ शकते. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्यातील ‘अपत्य’ या व्याख्येतून अज्ञान मुले वगळलेली आहेत. म्हणजे सज्ञान होताच आईवडिलांना सांभाळण्याच्या कायदेशीर जबाबदारीच्या कक्षेतही माणूस येतो.

काही कामे लगेच करावी लागतात. बँकेत नव्याने सहीचा नमुना आणि केवायसी द्यावी लागते. लहानपणी काढलेल्या पॅन कार्डवर छायाचित्र आणि सही नसते, ती अद्ययावत करावी लागतात. मतदार नोंदणीसाठी आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार पात्रता तारखा आहेत. १७ वर्षे पूर्ण झाल्यावर अर्ज क्रमांक ६ आगाऊ भरता येतो.

ज्यांच्या पाठीशी घरच नाही, त्यांचे काय?

घरात वाढणाऱ्या मुलासाठी अठरावा वाढदिवस बहुधा केक कापून संपतो. बालगृहातील मुलासाठी ती छप्पर सोडण्याची तारीख असते. कायद्याने अशा मुलांसाठी १८ ते २१ या काळात अनुरक्षणाची म्हणजे नंतरच्या आधाराची तरतूद केली आहे. अपवादात्मक स्थितीत ती २३ वर्षांपर्यंत वाढवता येते. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी दरमहा चार हजार रुपयांची तरतूद आहे. महाराष्ट्राने २०१८ मध्ये अनाथांसाठी शिक्षण आणि शासकीय नोकऱ्यांत एक टक्का आरक्षणही आणले.

पण चार हजारांत पुणे किंवा मुंबईत खोलीचे भाडे, डिपॉझिट आणि जेवण भागणे अवघड आहे. शिवाय घरमालकाला हमीदार लागतो, कॉलेजच्या अर्जावर पालकाची सही लागते. इतर मुलांना विशीतही घरातून पैसे, सल्ला आणि चुकल्यावर परत येण्याची जागा मिळते. या मुलांकडून मात्र अठराव्या वर्षीच पूर्ण प्रौढ होण्याची अपेक्षा केली जाते.

इतर देशांनी काय केले?

न्यूझीलंडने १९८७ मध्ये वाहन परवाना टप्प्यांत देण्याची पद्धत आणली. शिकाऊ, मग मर्यादित आणि शेवटी पूर्ण परवाना. मर्यादित टप्प्यात रात्री १० ते पहाटे ५ या वेळेत अनुभवी चालक शेजारी नसेल, तर गाडी चालवता येत नाही. सोबत मित्रांना बसवण्यावरही बंधने आहेत. जपानने एप्रिल २०२२ पासून सज्ञान होण्याचे वय २० वरून १८ केले, पण मद्य आणि तंबाखूसाठी २० च ठेवले. पालकांच्या संमतीविना केलेला करार रद्द करण्याचा १८-१९ वर्षांच्या मुलांचा हक्क गेल्याने ते फसवणुकीला बळी पडतील, ही तेथे मोठी चिंता होती. त्यामुळे ग्राहक शिक्षणावर भर देण्यात आला.

भारतात असे टप्पे आहेत का?

आहेत, पण तुटक. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये दहा वर्षांवरील मुलांना स्वतंत्रपणे बचत खाते उघडण्याची व चालवण्याची मुभा देण्यास बँकांना सांगितले. रकमेची मर्यादा बँक ठरवते आणि खात्यात शिल्लक असेल तेवढेच पैसे काढता येतात. चूक झाली तरी ती लहान राहते, कर्जात जात नाही. याउलट १६ व्या वर्षीचा दुचाकी परवाना कागदावर उरला आहे. बाजारातील बहुतेक पेट्रोल स्कूटर १०० सीसीच्या पुढच्या आहेत आणि ५० सीसीच्या जवळपास नाहीशा झाल्या आहेत. त्यामुळे क्लासला जाणाऱ्या अकरावीच्या मुलासमोर कायदेशीर सराव उरत नाही. उरते ती घरातल्या स्कूटरची किल्ली.

ती किल्ली द्यायची की नाही, हा निर्णय आज पूर्णपणे घरावर सोपवलेला आहे. सोळाव्या वर्षी मर्यादित व्यवहाराचे खाते, घरखर्चातील एखाद्या बिलाची जबाबदारी, कर्जाचा हप्ता थकला तर काय होते याची माहिती आणि परवान्याशिवाय गाडी नाही हा नियम, एवढे घरात करता येते. शाळा, परिवहन विभाग आणि बालगृहांच्या पातळीवर हेच काम कोणाचे, हे ठरलेले नाही. वय १८ असावे की १६, यावरचा वाद न्यायालयात आणि संसदेत सुरूच राहील. दरम्यान, दरवर्षी लाखो मुले सज्ञान होत राहतील आणि त्यांची सही त्या दिवसापासून ग्राह्य धरली जाईल.