हमी विकण्यापूर्वी

चतुर्थी जवळ आली, की सुर्ला, पाळी, वेळगे या भागांतील कुटुंबांची पावले साखळी व डिचोलीच्या बाजाराकडे वळतात. माटोळीच्या सामानाबरोबरच एखादा फ्रीज वा धुलाईयंत्र घरात यावे, ही वर्षभर मनात जपलेली इच्छा याच दिवसांत पुरी होते. वस्तू पसंत पडते, पावती लिहिली जाते आणि मग विक्रेता हळूच विचारतो, ‘आणखी दोन वर्षांची वॉरंटी घेता काय?’ वाढीव वॉरंटीचा हा व्यवहार आजवर मोठ्या शोरूमांचा व मोबाईलवरून चालणाऱ्या दुकानांचा मानला जात असे. आपणही अशी योजना काढावी, असे गावच्या दुकानदाराच्या मनात आले, तर त्याला आम्ही दोष देणार नाही. किंबहुना त्याने ती जरूर काढावी. मात्र आपण नेमके काय विकायला निघालो आहोत, याचा विचार त्याने आधी केला पाहिजे.

अशा योजनेची आपल्याकडे गरज आहे, यात शंका नाही. चार महिन्यांचा पाऊस, भिंतींत मुरणारी ओल, जाणारी-येणारी वीज आणि खनिजाच्या ट्रकांमागून उडणारी तांबडी धूळ, एवढ्या साऱ्यांशी येथील यंत्रांना झुंजावे लागते. दूरच्या शहरातील कंपनीला दूरध्वनी करून आठवडाभर वाट पाहण्यापेक्षा ओळखीच्या दुकानदाराकडून कारागीर येणे ग्राहकाला केव्हाही सोयीचे. पण ही जवळीकच दुकानदाराची कसोटी पाहणारी आहे. दूरच्या कंपनीने शब्द मोडला तर माणूस चार शिव्या देऊन गप्प बसतो. गावच्या दुकानदाराने मोडला तर तो देवळाच्या पायरीवरही विचारला जातो!

या धंद्यातील खरा धोका हिशेबात दडलेला आहे. समजा, एका दुकानदाराने शंभर ग्राहकांकडून प्रत्येकी 1,500 रुपये घेतले. गल्ल्यात दीड लाख रुपये जमले. पहिले वर्ष कंपनीच्या वॉरंटीचे असल्यामुळे त्याच्या दारी कोणीच येत नाही. ते दीड लाख त्याला निखळ नफा वाटू लागतात आणि पुढच्या चतुर्थीच्या मालात गुंतून जातात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी शंभरांपैकी वीस यंत्रे बिघडली आणि प्रत्येकी सरासरी 4,000 रुपये खर्च आला, तर 80,000 रुपये हवेत. ते आणायचे कोठून? ग्राहकाने आगाऊ दिलेला पैसा हा दुकानदाराचा नफा नव्हे, ती त्याच्याकडे ठेवलेली ठेव आहे. तो वेगळ्या खात्यात राहिला पाहिजे आणि हमीची मुदत जसजशी सरेल, तसतसाच तो कमाई म्हणून धरला पाहिजे. जमाखर्चाचे शास्त्रही हेच सांगते.

कायद्याची दृष्टीही याहून निराळी नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथांची जी व्याख्या केली आहे, तीत दुरुस्तीचे वा बदलून देण्याचे असे वचनही येते, जे पुरे होण्याची वाजवी शक्यताच नाही. म्हणजे पाठीशी पैसा नसताना व कारागीर नसताना विकलेली हमी ही निव्वळ चूक ठरत नाही, ती फसवणुकीच्या पंक्तीत जाऊन बसते. दुसरी मर्यादाही लक्षात ठेवावी. यंत्राच्या अंगच्या दोषाची जबाबदारी घेणे ही वॉरंटी. पण वीज पडून, पुरात किंवा चोरीत होणारे नुकसान भरून देण्याचे वचन हा विम्याचा प्रांत होय, आणि विम्याचा धंदा नोंदणीवाचून करता येत नाही. उत्साहाच्या भरात ‘सर्व काही भरून देऊ’ असे फलक लावणाऱ्यांनी हे विसरू नये.

ब्रिटनमध्ये घरगुती विद्युत उपकरणांच्या वाढीव वॉरंटीविषयी 2005 साली खास आदेश निघाला. वॉरंटीची किंमत वस्तूच्या किमतीशेजारी दाखवावी आणि घेतलेली वॉरंटी ग्राहकाला 45 दिवसांत रद्द करता यावी, असे बंधन त्याने दुकानदारांवर घातले. आपल्याकडे अशी सक्ती होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. काय भरून मिळेल, काय मिळणार नाही आणि किती दिवसांत मिळेल, एवढे एका पानावर स्वच्छ मराठीत लिहून देण्यास कोणाची परवानगी लागते?

सुर्ला भागाला हमीचे मोल कोणी शिकवायला नको. खाणी चालूच राहणार या भरवशावर येथल्या माणसांनी कर्जे काढून ट्रक घेतले. 2012 च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या. पुन्हा सुरू झाल्या, तोच सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे 2018 च्या मार्चमध्ये परत बंद पडल्या. उत्पन्न थांबले, हप्ते मात्र थांबले नाहीत. लिलावानंतर काही खाणी आता सुरू झाल्या असल्या, तरी त्या वर्षांची आठवण घराघरांत ताजी आहे. अशा घरातून येणारे 1,500 रुपये सहज आलेले नसतात.

म्हणून आमची सूचना अशी, की एकेकट्या दुकानदाराने हे ओझे उचलू नये. साखळी, डिचोली, पाळी येथील दहा-बारा दुकानदारांनी एकत्र यावे, समाईक निधी उभारावा, सुट्या भागांचा साठा ठेवावा आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून शिकून बाहेर पडलेल्या आपल्याच मुलांना दुरुस्तीचे काम द्यावे. एकाचे वर्ष वाईट गेले तर इतरांचा आधार राहील, आणि खाणीबाहेर रोजगार शोधणाऱ्या चार तरुणांच्या हाताला कामही मिळेल. एवढी तयारी नसेल, तर ग्राहकाला ‘आमच्याकडे वाढीव वॉरंटी नाही’ असे सरळ सांगावे. त्यात कमीपणा नाही. माल उधारीवर आणता येतो, शब्द उधारीवर विकता येत नाही. दुकानावरची पाटी पावसात फिकी पडली तर पुन्हा रंगवता येते. गेलेली पत तशी रंगवता येत नाही, हे आमच्या व्यापारी बंधूंनी ध्यानी घ्यावे.