आधी जुनी डिस्क सोडवा!

परवा दुपारी नणंदेचा फोन आला. आवाज अगदी रडवेला. "वहिनी, छकुलीच्या बारशाचे सगळे फोटो गेले हो!"

झालं होतं असं : घरचा संगणक सुरू व्हायला पाच-पाच मिनिटं लागत, म्हणून तिनं नवी एसएसडी आणली आणि कुणाची वाट न पाहता स्वतः बसवली. मला कौतुकच वाटलं. पण विंडोज घालताना पडद्यावर दोन डिस्क दिसल्या, नुसत्या आकड्यांच्या. घाईत जुनीच पुसली गेली. छकुलीला मांडीवर घेऊन बसलेल्या आमच्या सासूबाई त्या फोटोंत होत्या. आज त्या नाहीत.

मैत्रिणींनो, हे काम काही अवघड नाही. कृती नीट वाचली की झालं. फक्त क्रम चुकवायचा नाही.

साहित्य : नवी एसएसडी (घरच्या कामाला ५०० जीबीची पुष्कळ), निदान ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह, स्क्रू-ड्रायव्हर आणि फोटो उतरवून ठेवायला एखादी बाहेरची डिस्क.

कृती : सर्वांत आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर उतरवा. दोन-चार उघडून पाहा, म्हणजे खात्री पटेल. मग जुन्या संगणकावरच मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विंडोज ११ चा पेन ड्राइव्ह तयार करा. त्यात आधीचं जे असेल ते पुसलं जातं, हे लक्षात असू द्या. विंडोज १० ची नेहमीची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, म्हणून ११ च घालावं. मात्र फार जुना संगणक ते घेत नाही. आपला घेईल का, हे मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' सांगतं. ते आधीच पाहा, नाहीतर सगळा खटाटोप फुकट!

आता संगणक बंद करा, प्लग काढा, पेटी उघडा. आतल्या लोखंडी भागाला एकदा हात लावा, म्हणजे अंगातली वीज उतरते. मग जुन्या डिस्कच्या दोन्ही केबली सोडवा आणि नवीला जोडा. नणंदेची एवढी एकच पायरी राहिली. जुनी डिस्क जोडलेली नसली, की ती पुसलीच जाऊ शकत नाही. आणखी एक फायदा : दोन्ही जोडलेल्या असल्या तर संगणक सुरू करणारा भाग कधीकधी जुन्या डिस्कवरच राहतो, आणि पुढे ती काढली की नवी सुरूच होत नाही.

पेन ड्राइव्ह लावून संगणक सुरू करताना एफ१२, एफ११ किंवा एफ८ दाबा (कंपनीप्रमाणे बटण बदलतं) आणि यादीतून पेन ड्राइव्ह निवडा. 'सगळं पुसलं जाईल' अशी ताकीद येईल. घाबरू नका, पुसण्यासारखं आत काही नाहीच! याच संगणकावर रीतसर विंडोज १० किंवा ११ चालत असेल, तर 'माझ्याकडे की नाही' हे निवडून पूर्वीचीच आवृत्ती, होम किंवा प्रो, घ्या. एकुलती एक रिकामी डिस्क दिसेल, तिच्यावर पुढे चला. मध्ये संगणक आपोआप बंद-चालू होतो. तेव्हा पुन्हा ते बटण दाबू नका.

सगळं नीट चाललं, की संगणक बंद करून मगच जुनी डिस्क जोडा आणि राहिलेलं उतरवून घ्या. तीही लगेच पुसू नका, महिनाभर कपाटात राहू द्या.

चुकून पुसली गेलीच, तर तिच्यावर पुढे काहीही घालू नका. तिथंच थांबून जाणकाराकडे न्या. पुष्कळदा बरंचसं परत मिळतं. नणंदेनं तिच्यावर विंडोज घालून टाकलं होतं.

सासूबाईंचे चार फोटो माझ्या फोनमध्ये निघाले, ते तिला पाठवले. बारशाचा मात्र एकही नव्हता.