आधी कान, मग डोळा

सुटीत नातवंडे घरी आली की हल्ली प्रत्येक घरात एक तरी चित्रपट-दिग्दर्शक अवतरतो. पूर्वी मुले कोळशाने भिंतीवर चित्रे काढीत. आता मोबाइलवर हलती चित्रे काढतात. या हौसेला नाके मुरडणारे वडीलधारे आम्ही पुष्कळ पाहिले. आमचे मत मात्र मुलांच्या बाजूचे आहे. हौसेला थोडी शिस्त लावली, तर घराघरांतील वृद्धांचे बोलणे पुढच्या पिढीला ऐकावयास मिळेल, आणि परमुलुखात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याची गरज अधिक आहे.

शिवाय बडोदेकरांनी या कलेकडे परकेपणाने पाहण्याचे कारणच नाही. धुंडिराज गोविंद फाळके हे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर आमच्या कलाभवनात शिकले. पुढे १९१२ साली त्यांनी विलायतेहून विल्यमसन कॅमेरा आणला आणि प्रथम चित्रित केले ते काय, तर वाटाण्याच्या रोपाची वाढ! ठराविक अंतराने एकेक चित्र घेत त्यांनी अंकुराचे रोप होताना दाखवले. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. फिल्मला छिद्रे पाडण्यासारखी कामे सरस्वतीबाईंनी घरात केली. आपला चित्रपट जन्मला तोच मुळी घरगुती उद्योग म्हणून.

आमची स्वतःची सुरुवात मात्र अशी यशस्वी झाली नाही. २०१४ साली आम्ही एका स्नेह्यांकडून कॅमेरा मागून आणला आणि दांडिया बाजारातील वाड्यात थोरल्या काकांना बोलते केले. संस्थानी काळ, वाडा कसा घेतला, आजोबांची नोकरी, असे चाळीस मिनिटे ते बोलत होते. आम्ही कॅमेऱ्याच्या पडद्यावरील चित्र पाहून संतुष्ट होतो. पुढच्या वर्षी काका गेले. वर्षश्राद्धाच्या दिवशी सारे कुटुंब ते चित्रण पाहावयास बसले आणि आमची मान खाली गेली. काकांची पाठ खिडकीकडे असल्यामुळे त्यांची नुसती काळी आकृती दिसत होती. आवाजाच्या जागी छताचा पंखा, स्वयंपाकघरातील मिक्सर आणि कुकरच्या शिट्ट्या! मधूनच एखादा शब्द कानी पडे आणि पुन्हा बुडून जाई. पोरांना जन्मभर ‘नीट ऐका’ असे बजावणाऱ्या मास्तराला ऐकणे म्हणजे काय ते त्या दिवशी समजले.

म्हणून नवशिक्यांना आमचा पहिला धडा हा, की आधी कान, मग डोळा. चित्र थोडे अंधुक असले तरी माणूस पाहतो. आवाज अस्पष्ट असला तर उठून जातो. आपला कान मोठा लबाड आहे. पंखा चालू असतानाही तो समोरच्याचे शब्द तेवढे वेचून घेतो. यंत्राला हा विवेक नाही. मोकळ्या जागी बोलणाऱ्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की ध्वनीची तीव्रता चौथाईवर येते, पंख्याची मात्र तितकीच राहते. तेव्हा पैसे खर्चावयाचे तर कॅमेऱ्याआधी कपड्याला अडकवावयाच्या छोट्या मायक्रोफोनवर खर्चावेत. तो हनुवटीच्या खाली वीतभर अंतरावर लावावा. मंगळसूत्राचे मणी किंवा जरीचा पदर त्यावर घासणार नाही, हे पाहावे. ध्वनीची पातळी दाखवणारी पट्टी असल्यास मोठ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्यावा. ती शून्याला टेकली की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर नीट शिवता येत नाही.

ध्वनी वेगळ्या यंत्रावर मुद्रित करावयाचा असेल तर दोन्ही यंत्रे सुरू झाल्यावर कॅमेऱ्यासमोर एकदा टाळी वाजवावी. हात जुळल्याचे चित्र आणि टाळीचा आवाज एकावर एक बसवला की पुढचे सारे जुळते. चित्रपटवाल्यांची ती काळी-पांढरी पाटी आपटण्यातले रहस्य एवढेच. काम संपल्यावर सर्वांनी अर्धा मिनिट गप्प बसून खोलीची नुसती शांतताही मुद्रित करावी. जोडकामात दोन वाक्यांमधील सांधा झाकण्यास ती उपयोगी पडते.

आता डोळ्याकडे वळू. माणसाला खिडकीसमोर तिरपे बसवावे, खिडकीकडे पाठ करून कधीही नाही. दिवसाचा उजेड निळसर आणि बल्बचा पिवळट. दोहोंची खिचडी करू नये. मोबाइल आडवा धरावा, काच मऊ फडक्याने पुसावी आणि फोनची घंटी मध्येच वाजू नये म्हणून विमान-प्रवासाची कळ दाबावी. बहुतेक मोबाइलमध्ये चेहऱ्यावर बोट दाबून ठेवले की स्पष्टता आणि उजेड दोन्ही तेथेच स्थिर होतात. यंत्र हातात न धरता तिपाईवर, बोलणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवावे. तिपाई नसेल तर पुस्तकांची चळत चालेल. आमच्याकडे शब्दकोशाचे खंड या कामी आले.

आकड्यांची फार भीती बाळगू नये. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. म्हणून सेकंदाला २५ चित्रे आणि प्रत्येक चित्रास १/५० सेकंद, हा हिशेब दिव्याच्या उजेडात बरा पडतो. एरवी काही दिव्यांखाली चित्रात पट्टे सरकताना दिसतात. ही सोय नसल्यास दिवसा खिडकीच्या उजेडात काम करावे. १९२० गुणिले १०८० बिंदूंचे चित्र घरच्या कामाला पुरेसे होते. सेकंदाला २० मेगाबिट दराने मुद्रण केले तर तासाला सुमारे ९ गीगाबाइट जागा लागते. म्हणजे ६४ गीगाबाइटच्या कार्डात सहा-सात तास सहज मावतात. बाकी ते झूम करणे, कॅमेरा डावी-उजवीकडे फिरवणे, सारे वर्ज्य. एक चित्र दहा सेकंद स्थिर ठेवता आले की निम्मी विद्या आली.

ही सारी अक्कल शिकून आम्ही गेल्या उन्हाळ्यात आत्यांकडे गेलो. काकांच्या त्या धाकट्या भगिनी, वय अठ्ठ्याऐंशी. पंखा बंद केला तेव्हा त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. “अरे, मे महिन्यात पंखा बंद? मुलाखत घ्यायला आलास की मला उकडायला?” दर दहा मिनिटांनी पंखा लावायचा, असा तह झाला. त्या बोलू लागल्यावर आम्ही सवयीने ‘हो, हो’, ‘बरोबर’ असा हुंकार देत होतो. नातवाने पहिला तुकडा वाजवून दाखवला, तो आत्यांच्या प्रत्येक वाक्यावर आमचे शिक्कामोर्तब! आत्या म्हणाल्या, “जन्मभर पोरांना गप्प बसा म्हणालास. आता जरा तूही बस.” त्यानंतर आम्ही नुसती मान हलवली.

मग आम्ही धीर करून काकांचे ते जुने चित्रण त्यांना लावून दाखवले. पंख्याच्या घरघरीतून दोन-तीन शब्द वर आले मात्र, आत्या म्हणाल्या, “थांब. दादा विलीनीकरणाचं सांगतोय.” १९४९ च्या मे महिन्यात बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, तेव्हाचा तो प्रसंग. त्या संध्याकाळी आजोबा कचेरीतून आले आणि पगडी खुंटीला न लावता मांडीवर घेऊन बराच वेळ बसून राहिले. “पण दादाला काय ठाऊक? तो खेळायला गेला होता. पाणी मी नेऊन दिलं.” आणि जे काका आम्हाला सांगून गेले होते आणि जे आम्ही गमावले होते, ते आत्यांनी सावकाश सांगितले, काकांच्या चुका दुरुस्त करीत, मधूनच हसत, आणि एकदा डोळ्यांना पदर लावीत. कॅमेरा चालू होता. नातू श्वासही जपून घेत होता.

एक अखेरचे सांगणे. ‘राजा हरिश्चंद्र’ आज समग्र उपलब्ध नाही. जी गत इतिहासाची, ती घराचीही होऊ शकते. चित्रणाच्या तीन प्रती कराव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या घरी द्यावी. प्रत्येक प्रत उघडून, चालवून, ऐकून पाहिल्यावाचून कार्ड पुसू नये. आमची एक प्रत पुण्याला पुतणीकडे आहे.

तेव्हा वाचकहो, नवा कॅमेरा घेईपर्यंत थांबू नका. घरात जो मोबाइल आहे तोच आडवा धरा, पंखा बंद करा आणि घरातील सर्वांत वृद्ध माणसासमोर जाऊन बसा. आणि हो, गप्प बसा.