‘मिलेनला काढा!’ : प्रेक्षकाचा निर्णयाधिकार

‘ज्याने मैदान गाजवले नाही त्याने खेळाविषयी बोलू नये’ हा युक्तिवाद वरवर विनयाचा वाटतो. प्रत्यक्षात तो सत्तेची ढाल असतो. अमेरिकन फुटबॉलमधील डेट्रॉइट लायन्स या संघाचा २००१ ते २००८ हा काळ त्याचा ठळक दाखला आहे.

मॅट मिलेन हे चार सुपर बोल विजयांचे मानकरी खेळाडू, पुढे दूरचित्रवाणीवरील नावाजलेले समालोचक. संघबांधणीचा अनुभव मात्र शून्य. तरीही २००१ मध्ये मालक विल्यम क्ले फोर्ड यांनी खेळाडू निवडण्याचे व प्रशिक्षक नेमण्याचे अधिकार त्यांच्या हाती दिले. फलित असे : सात हंगाम आणि आठव्यातील तीन सामने मिळून ३१ विजय, ८४ पराभव. तरी २००५ मध्ये त्यांच्या कराराची मुदत वाढवण्यात आली! त्याच वर्षीच्या डिसेंबरात सिनसिनाटीविरुद्धच्या सामन्याला लायन्सचे चाहते प्रतिस्पर्ध्यांचा नारिंगी रंग लेवून आले आणि त्यांनी ‘मिलेनला काढा’ म्हणत मोर्चा काढला.

याला झुंडशाही म्हणणारे दोन गोष्टी विसरतात. एक, या लीगमध्ये तळाच्या संघाला नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिली संधी मिळते. म्हणजे अपयशाची भरपाई नियमानेच होते. एवढे असूनही एकाही हंगामात पराभवांपेक्षा विजय अधिक नसतील, तर त्याला दुर्दैव म्हणणे ही बुद्धीची फसवणूक आहे. दोन, इंग्लंडच्या फुटबॉलप्रमाणे येथे हरणारा संघ खालच्या श्रेणीत ढकलला जात नाही आणि राष्ट्रीय प्रक्षेपणाचे उत्पन्न सर्व संघांत सारखे वाटले जाते. हरूनही मालकाचे फारसे बिघडत नाही. अशा व्यवस्थेत प्रेक्षकाच्या आवाजाखेरीज उत्तरदायित्वाचे साधन उरते कोणते?

अर्थात चाहत्यांचा प्रत्येक आरोप टिकणारा नव्हता. २००३, २००४ आणि २००५ अशी सलग तीन वर्षे पहिल्या फेरीत वाइड रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू, निवडल्याबद्दल मिलेन यांची टिंगल झाली. परंतु २००७ मध्ये त्यांनी त्याच जागेसाठी निवडलेला कॅल्विन जॉन्सन पुढे ‘हॉल ऑफ फेम’मध्ये गेला. एकेका निवडीची थट्टा करणे सोपे असते. समीक्षा मात्र निवडींमागची दृष्टी तपासते. आणि संघ सर्वांगाने उभा करण्याची दृष्टीच तेथे नव्हती, हा चाहत्यांचा मूळ मुद्दा अबाधित राहतो.

२४ सप्टेंबर २००८ रोजी मिलेन गेले. लायन्सने तो हंगाम सोळाच्या सोळा सामने हरून संपवला. ‘मग काढून काय साधले?’ असे विचारणाऱ्यांना उत्तर एवढेच की, हा संघ मिलेन यांनीच उभा केलेला होता. उशिरा केलेली हकालपट्टी निष्फळ ठरते, हा हकालपट्टीविरुद्धचा पुरावा नव्हे. तो विलंबाविरुद्धचा पुरावा आहे. आणि विलंबाचा धनी व्यवस्थापक नव्हे, मालक होता. चाहत्यांची घोषणा चुकली असेल तर एवढीच, की तीत मालकाचे नाव नव्हते.

साहित्याच्या वर्गात आपण हे ओळखायला हवे. ‘आधी एक कविता लिहून दाखवा, मग टीका करा’ हे वाक्य आपल्याकडे अजूनही मानाने उच्चारले जाते. निर्मितीचे कौशल्य आणि मूल्यमापनाचे कौशल्य या भिन्न गोष्टी आहेत. उत्तम खेळाडू असलेले मिलेन खेळाडू पारखण्यात अपयशी ठरले, यातच त्या वाक्याचे खंडन आहे. वाचकाने आणि प्रेक्षकाने पुरावा द्यावा, अधिकारपत्र नव्हे.