प्रकाश फक्त पाहण्यासाठी नसतो!

गच्चीवर ठेवलेली प्लास्टिकची बादली काही दिवसांनी ठिसूळ होते आणि एक दिवस तडकते. आपण म्हणतो, "उन्हानं गेली." खरं तर उन्हातील अतिनील किरणांनी प्लास्टिकच्या लांबलचक रेणूसाखळ्या तोडलेल्या असतात. अशा साखळ्यांच्या पदार्थालाच पुस्तकात 'बहुवारिक' म्हणतात. दातांच्या डॉक्टरकडे याच्या उलट घडतं. दातात भरलेल्या मऊ पदार्थावर निळा प्रकाश टाकला, की काही सेकंदांत रेणू एकमेकांना जोडले जातात आणि तो कडक होतो. म्हणजे प्रकाश साखळी तोडतो, तसाच जोडतोही.

हेच काम मोजूनमापून केलं, की त्याचं तंत्रज्ञान होतं. मोबाईलमधली चिप बनवताना सिलिकॉनच्या चकतीवर फोटोरेझिस्ट नावाच्या प्रकाशसंवेदी पदार्थाचा पातळ थर देतात. चकती गरगर फिरवली की थर एकसारखा पसरतो. मग त्यावर नक्षीच्या आकारात प्रकाश पाडतात. काही प्रकारांत प्रकाश पडलेला भाग द्रावणात विरघळतो, काहींत तोच टिकतो. उरते ती नक्षी! आपला केस साधारण 80,000 नॅनोमीटर जाड असतो आणि आजच्या अत्याधुनिक यंत्रांत वापरतात त्या प्रकाशाची तरंगलांबी फक्त 13.5 नॅनोमीटर.

अ‍ॅझोबेंझीनचा रेणू तर आणखी गमतीदार. अतिनील प्रकाशात तो वाकतो, निळ्या प्रकाशात पुन्हा सरळ होतो. हा रेणू असलेल्या बहुवारिकाच्या थरावर लेझरचे पट्टे पाडले, तर थरावर नियमित उंचवटे उठतात, हे 1995 साली संशोधकांनी दाखवलं. ना छिन्नी, ना द्रावण!

आता माझं मत सांगतो. आपल्याकडे प्रकाश म्हणजे आरसे आणि भिंगं, प्लास्टिक म्हणजे नुसतं प्रदूषण, असं शिकवलं जातं. दोन्ही खरं आहे, पण अपुरं आहे. या दोन धड्यांना जोडणारा पूल आपण दाखवतच नाही. "हे शाळेतल्या मुलांना जड जाईल" असं काही जण म्हणतील. सूत्रं जड जातील, मान्य. पण बादली आणि दात तर प्रत्येकाच्या ओळखीचे आहेत ना?

आणि हा प्रश्न फक्त गुणांचा नाही. 2019 मध्ये जपानने दक्षिण कोरियाला जाणाऱ्या तीन रसायनांच्या निर्यातीवर कडक नियम लावले. त्यांत फोटोरेझिस्टही होतं. चिप बनवण्यात अग्रेसर असलेला देशही त्यामुळे चिंतेत पडला. भारतानेही 2021 मध्ये चिपनिर्मितीसाठी 76,000 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. कारखाने पैशांनी उभे राहतील, पण त्यांतली रसायनं समजणारी माणसं वर्गातच घडवावी लागतात.

म्हणून शिक्षक मित्रांनो, यंदा प्रकाशाचा धडा शिकवताना आरशाबरोबर एक तडकलेली बादलीही वर्गात न्या. आणि मुलांनो, ती अशी का झाली, हे सरांना, मॅडमना जरूर विचारा.